पगार क्लबचा, इमान गड्यांशी

चि. बाळ्यास,


फुटबॉल क्लबच्या करारावर सह्या झाल्या, मेडिकल पार पडलं, गोव्यात राहायची सोय झाली, हे आक्कानं मला दोनदा सांगितलं. खोलीत तुझ्याबरोबर एक मणिपूरचा आणि एक केरळचा पोरगा आहे, हेही कळलं. पण तू मला फोनवर जे विचारलंस, ते तिला बोललेला दिसत नाहीस. ‘मामा, पेठेच्या संघाची जर्सी चढवली की आपोआप अंगात यायचं. इथं मैदान चांगलं, जेवण चांगलं, कोच चांगला. पण तसलं काही होत नाही. मी आता नुसता पगारासाठी खेळणार का?’ हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

पहिलं सांगतो, पगारासाठी खेळण्यात कमीपणा काही नाही. मी बँकेत आयुष्यभर पगारासाठीच गेलो. तरी काउंटरवरचा हिशेब संध्याकाळी जुळला नाही, तर मला घरी जेवण गोड लागायचं नाही. पगार आणि इमान एका घरात सुखानं नांदतात. तुझ्या प्रश्नातली खरी गोम निराळी आहे: इमान ठेवायचं ते कोणाशी?

पेठेत हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, कारण पेठेचा अभिमान आपल्याला कमवावा लागला नाही. जन्माच्या दाखल्याबरोबरच तो मिळाला. तालमीत नारळ फोडायचा, आपल्या गावच्या शाहू स्टेडियमवर उतरायचं, जिंकलो तर गुलाल आणि हलगी, हरलो तर दोन दिवस चौकातून मान खाली घालून जायचं. खेळणारे आपण अकरा, पण अंगात यायचं ते गॅलरीतल्या सगळ्या पेठेमुळं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे तोटेही तू पाहिलेत. मैदानात एक डॅश जोरात बसला की गॅलरीत बाटल्या उडायला लागतात आणि सामना पोलीस बंदोबस्तात उरकावा लागतो. त्या गोंधळात कुणाचा पास चुकला, कुणी मार्किंग सोडलं, हे कोणी विचारतच नाही. अंगात आलेलं असलं की चुका दिसत नाहीत.

आता जरा आठव. आपल्या पेठेनं दोन मोसमांसाठी नायजेरियाचा तो स्टॉपर आणला होता. त्याला पेठेचा इतिहास माहीत नव्हता. समोरच्या तालमीच्या संघाशी आपलं वाकडं का, हे तर आपल्यालाही नीट सांगता येत नाही, त्याला काय सांगणार! तो ठरलेल्या पैशावर आला होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण कॉर्नर आला की तुझ्याआधी तो उडी मारायचा. तू डावीकडून चढाईला गेलास आणि बॉल हरवलास, तर तुझी रिकामी जागा भरायला तो न सांगता सरकायचा. टायब्रेकरवर आपण हरलो, तेव्हा किक हुकलेल्या पोराच्या शेजारी मैदानात तोच बसून राहिला होता. लढवय्या खेळाडूचं बक्षीस त्याला मिळालं, तेव्हा गॅलरीत वाजवलेल्या टाळ्या पगारी माणसासाठी होत्या का? त्या वेळी ‘हा आपला’ असं तूच ओरडत होतास. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर दोन मोसम खेळून गेलंय.

पेठेसारखा चालणारा एक व्यावसायिक क्लब जगात आहे, तो तुला आवडेल. स्पेनमध्ये बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब. बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तिथं फुटबॉल शिकून घडलेल्याच खेळाडूंना तिथं जर्सी मिळते. एवढं बंधन घालूनही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून हा क्लब एकदाही खाली घसरलेला नाही. ही ख्याती त्याच्याशिवाय फक्त रिअल माद्रिद आणि बार्सिलोनाची. २०२४ मध्ये त्यांनी ४० वर्षांनी राजाचा चषक, कोपा देल रे, जिंकला आणि आख्खं शहर नदीकाठी लोटलं, कारण विजयी संघाला तिथं नावेतून मिरवतात. पण त्या संघाचे लाडके कोण, तर इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू. त्यांचे आईवडील घानातून निघाले आणि सहारा वाळवंट तुडवत स्पेनला पोहोचले. पोरं स्पेनमध्येच जन्मली, वाढली. त्यातला इन्याकी ला लिगाचे सलग २५१ सामने खेळला. सहा वर्षांहून जास्त काळ एकही सामना चुकवला नाही. म्हणजे जिथं मातीचा एवढा अभिमान, तिथंसुद्धा ती माती कुणाची, हे शेवटी पाय ठरवतात.

आता तू जिथं आहेस तिथली गोष्ट. पणजीच्या धेंपो क्लबचं नाव तू ऐकलंयस, पण ही गोष्ट तुझ्या पिढीला कोणी नीट सांगितलेली नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोकडं क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा फॉरवर्ड होता. तो त्याच मोसमात क्लबात आला होता. आधीच्या मोसमात ईस्ट बंगालकडून राष्ट्रीय लीग जिंकला होता. म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर पक्का पगारी खेळाडू, आज इथं तर उद्या तिथं. सामन्यातले दोन्ही गोल त्यानं मारले. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. पंचविशीतलं पोरगं. धेंपोनं कप जिंकला आणि माणूस गमावला.

यापुढचं नीट वाच. आर्मांदो कोलासो या संघाचे कोच होते. त्यांना त्या पोरांना पुन्हा मैदानात उभं करायचं होतं आणि राष्ट्रीय लीगचा मोसम पुढं होता. तो मोसम धेंपोनं जिंकला. क्लबच्या इतिहासातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या सात वर्षांत आणखी चार आले. दहा नंबरची जर्सी क्लबनं कायमची बाजूला ठेवली, ती काही महिनेच क्लबात असलेल्या परदेशी खेळाडूसाठी. अभिमान रुजायला किती काळ लागतो, असं तुला वाटत असेल तर हे लक्षात ठेव. तारखा मोजून तो येत नाही. त्या माणसानं काही महिन्यांत मैदानावर जे केलं, ते सोबतच्या पोरांना पुरलं.

दु:खानं संघ एक होतो, हे खरं; पण देव करो आणि असली वेळ कोणावर न येवो. रोजच्या साध्या दिवसांत संघ कसा बांधला जातो, ते बघायचं तर लेस्टर सिटीकडं बघ. २०१५ चा मोसम सुरू झाला, तेव्हा इंग्लंडमधले सट्टेवाले त्यांच्या विजेतेपदाला एकास पाच हजार भाव देत होते. कारण उघड होतं. संघात सगळे कुणी ना कुणी नाकारलेले. जेमी वार्डी एके काळी कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवायचा आणि आठवड्याला ३० पौंडांवर स्थानिक क्लबकडून खेळायचा. रियाद महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून किरकोळ किमतीत आलेला. डॅनी ड्रिंकवॉटर आणि डॅनी सिम्प्सन मँचेस्टर युनायटेडमध्ये वाढलेले, पण तिथं जागा न मिळालेले.

हा संघ गोल मारत होता, पण प्रत्येक सामन्यात खातही होता. कोच क्लाउदिओ रानिएरींनी पोरांना सांगितलं, एक सामना गोल न खाता काढा, पिझ्झा माझ्याकडून. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला त्यांनी एक-शून्यानं हरवलं. रानिएरी सगळ्यांना पिझ्झाच्या दुकानात घेऊन गेले, आणि तिथं पोचल्यावर कळलं की पिझ्झा आयता मिळणार नाही, तो आपल्या हातांनी करायचा. ॲप्रन बांधलेले ते तगडे खेळाडू पीठ थापतायत, सॉस पसरतायत, एकमेकांच्या वेड्यावाकड्या गोलावर हसतायत. हे सोंग वाटेल, पण बचावफळीचं कामही तसंच असतं. तिथं आयतं काही मिळत नाही आणि एकट्यानं काही होत नाही. स्टॉपर पुढं सरकला की बॅकनं आत यायचं, हाफनं मागं यायचं. त्या मोसमात त्यांनी लीगचे १५ सामने गोल न खाता काढले आणि दहा गुणांच्या फरकानं लीग जिंकली.

म्हणून तुला सांगतो, अंगात येण्याची वाट बघू नकोस. पेठेत आधी अंगात यायचं आणि मग आपण पळायचो. गोव्यात आधी पळायचं असतं. तुझ्या मागं खेळणाऱ्या बॅकला पहिल्या महिन्यात एवढं कळलं पाहिजे की, तू बॉल घालवलास तर परतही येशील. त्याला हे कळलं की तो न घाबरता पुढं येईल आणि तुझा खेळ दुप्पट होईल. त्या मणिपूरच्या पोराला तुझी भाषा येत नाही, पण परत पळणारे पाय कुठल्याही भाषेत वाचता येतात. संघाचा अभिमान म्हणतात तो असा, दोघादोघांत सुरू होतो. कोचच्या भाषणानं किंवा ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर रंगवलेल्या वाक्यांनी होत नाही.

सुरुवातीला तू बाकावर बसशील, हेही धरून चाल. बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात एक पाप येतं, आणि ते सगळ्यांच्याच येतं: ज्याच्या जागी आपण खेळणार, त्याचा पास चुकावा. ते आलं म्हणून स्वतःला वाईट समजू नकोस, फक्त त्याला बसायला जागा देऊ नकोस. मँचेस्टर युनायटेडचा ओले गुन्नार सोल्शेअर अर्धं आयुष्य बदली खेळाडू म्हणून उतरला. बाकावर बसून तो समोरच्या बचावफळीत कोण कुठं चुकतोय, हे बघत राहायचा. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांसाठी तो उतरला आणि इंज्युरी टाइममध्ये विजयी गोल मारला. तो गोल सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच्या आदल्या वर्षीचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. न्यूकॅसलविरुद्ध एक-एक अशी बरोबरी होती. सगळा संघ चढाईला गेलेला, आणि न्यूकॅसलचा खेळाडू एकटाच गोलकडं निघालेला. सोल्शेअर, फॉरवर्ड असून, आख्खं मैदान मागं पळाला आणि त्याला पाडलं. रेड कार्ड मिळणार हे ठाऊक असून पाडलं. तू असं पाड, असं मी म्हणत नाही. पंचांनी त्याला बाहेर काढलं ते योग्यच होतं. पण ज्याच्या अंगावर बचावाची जबाबदारी नव्हती, तो एवढा पळाला का, याचा विचार कर.

एकी म्हणजे अभिमान, असंही समजू नकोस. २०१० च्या वर्ल्ड कपला फ्रान्सचा संघ दक्षिण आफ्रिकेत होता. चार वर्षांपूर्वी हाच देश अंतिम सामना खेळलेला. निकोला आनेल्कानं कोच दोमेनेक यांना शिवीगाळ केल्याची बातमी फुटली, त्याला घरी पाठवलं, आणि निषेध म्हणून सगळा संघ सरावावर बहिष्कार टाकून बसमध्ये जाऊन बसला. खिडक्यांचे पडदे ओढलेले. खेळाडूंचं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवायची वेळ खुद्द कोचवर आली. बसमध्ये सगळे एकत्र होते, हे खरं. पण आधीच्या दोन सामन्यांत त्यांनी एकही गोल केला नव्हता आणि पुढचा सामना हरून गटात तळाला गेले. कुणाच्या तरी विरोधात एकत्र येणं सोपं असतं. चौकात दहा पोरं जमली की होतं ते. मैदानात एकमेकांच्या चुका निस्तरणं जमलं, तर त्याला एकी म्हणायचं.

आता तुला अवघड वाटेल असं बोलतो. क्लबवाले तुला ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं सांगतील. पगार वेळेवर येतोय तोवर हे ऐकायला छान असतं. पण पगार थकला आणि त्याच वेळी कोणी क्लबवरच्या प्रेमाची आठवण करून दिली, तर कान टवकार. हैदराबाद एफसीनं २०२२ च्या मार्चमध्ये तुझ्या आताच्या गोव्यातच, फातोर्ड्याला, केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरवर हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली. दोन मोसमांत पैशाचं गणित फसलं, पगार थकले, बहुतेक परदेशी खेळाडू मोसमाच्या मध्यावर निघून गेले. उरली ती मुख्यतः तुझ्या वयाची भारतीय पोरं. ती हरत होती, तरी दर सामन्याला उतरत होती. पहिला विजय मिळायला मार्च उजाडला, संघ तळाला राहिला. त्या पोरांचं इमान थकबाकीदार मालकाशी होतं असं कोण म्हणेल? ते शेजारच्या गड्याशी होतं. आणि म्हणूनच कोणालाही असं म्हणायचा हक्क नाही की, पोरांना अभिमान आहे ना, मग पगाराचं बघू नंतर. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलचा पुढचा मोसमच लटकला आणि त्यानंतर काही क्लबांनी पगार थांबवले. घर चालवणाऱ्या खेळाडूंचे त्या काळात काय हाल झाले असतील, ते तुझ्या संघातल्या मोठ्यांना विचार.

म्हणून फिफाचा एक नियम पाठ करून ठेव. क्लबनं दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडूनं लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत, तर करार मोडायला ते योग्य कारण धरलं जातं. खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, २००६ पासूनची. तिचा नंबर आजच फोनमध्ये घाल. हक्काचे पैसे मागितल्यानं जर्सीशी बेइमानी होत नाही. उलट तू गप्प बसलास, तर तुझ्या खोलीतल्या त्या दोन पोरांनाही गप्प बसावं लागेल. गड्यांशी इमान म्हणजे हेही.

कधीतरी तू तो क्लब सोडशील. चांगला पगार येईल, वरच्या श्रेणीचा संघ बोलावेल. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नकोस. लेस्टरच्या विजेत्या संघातून एन्गोलो कांते लगेच चेल्सीला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथंही लीग जिंकला. वार्डीला आर्सेनल बोलावत होतं, तो राहिला. लेस्टर खालच्या श्रेणीत घसरलं तरी राहिला, आणि २०२५ मध्ये ५०० सामने खेळून आणि २०० गोल करून निघाला. मधल्या काळात ज्या रानिएरींनी विजेतेपद आणून दिलं, त्यांना क्लबनं नऊ महिन्यांत काढून टाकलं होतं. तेव्हा निष्ठेचा हिशेब फक्त खेळाडूकडंच मागायचा नसतो. कांते बेइमान नव्हता आणि वार्डी संत नव्हता. दोघंही ज्या दिवशी मैदानात होते त्या दिवशी पुरते होते, आणि माझ्या लेखी तेवढं बास.

जाताना मात्र नीट जा. किट धुऊन परत दे. ज्या किटमननं तुझे बूट वाळवले, त्याला भेटून ये. तुझ्या जागेवर येणाऱ्या पोराला सांगून जा की आपला गोलकीपर कधी पुढं येतो आणि कधी येत नाही. वर्षभरानं त्या गोलकीपरला फोन कर. त्यानं उचलला आणि आधी चार शिव्या घातल्या, तर समज की तुला जमलं.

आक्काला रोज फोन करत जा. जेवलो एवढं सांगितलंस तरी तिचं भागतं.

तुझा,
मामा

ता. क. कराराची प्रत तू आक्काकडं ठेवून गेलास आणि तिनं ती हळदकुंकू लावून देवघरात ठेवलीय. ती आता वकिलाच्या कामाची राहिली नाही. क्लबकडून दुसरी मागून घे आणि स्वतःजवळ ठेव.